सोलापूरचा भोंगा आणि कामाचे तास

सोलापुरात घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्याला मान होता. 1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली आणि हातमागाच्या या गावाला ठरावीक वेळेची सवय लागली. सवय कसली, सक्तीच. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती 1911 मध्ये. पुढे 1922 ला अकरा, 1934 ला दहा, 1946 ला नऊ. 1948 च्या कायद्याने आठवड्याचे 48 तास कायम ठेवून जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली.

भोंगा मात्र शहराच्या पूर्वभागातल्या घरांत पोचत नव्हता. तिथे विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्रीने कापलेली पाने. मजुरी हजार विड्यांमागे. स्वयंपाक उरकून बसावे, रात्री पुन्हा बसावे. वेळ लवचीक, पण हजार भरेपर्यंत सुटका नाही. 1966 च्या विडी-सिगार कायद्याने कारखान्यातले तास नऊवर आणले, घरातले कोण मोजणार?

गिरण्या मंदावल्यावर शिकलेली मुले पुण्याच्या हिंजवडीत संगणकाकडे वळली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दिवसाला नऊ तासांची मर्यादा 2025 पर्यंत होती आणि जादा कामाला दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय पदे त्यातून वगळली आहेत. घरून काम करणाऱ्या अभियंत्याची सोय त्या सुपाजवळ बसलेल्या बाईसारखीच: वेळ आपली, काम संपण्याची तारीख दुसऱ्याची.