सपाट पट्टा उतरायचा, आताचा ओरडतो

ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट नवा टाकला अन् इंजिन चिरचिरायला लागलं. मिस्त्री म्हणाला, "अजून ताणू." मी थांबवलं.

लहानपणी आमच्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला सपाट पट्टा होता. पुल्या एका रेषेत नसल्या की पट्टा सरळ उतरायचा. चूक लगेच कळायची. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबराचा व्ही-बेल्ट आणला. हा खाचेत पाचरीसारखा रुततो, म्हणून कमी ताणात जास्त ओढतो. पण रेष चुकली तरी सहसा उतरत नाही, नुसता ओरडतो.

म्हणून इंजिन चालू ठेवून लांबूनच पट्ट्यावर थोडं पाणी मारलं. आवाज वाढला तर बहुधा पट्टा सैल. थांबून परत आला तर पुली रेषेबाहेर. आमचा थांबला अन् परत आला. इंजिन बंद करून पुल्यांवर दोरी धरली, तर अल्टरनेटर तिरका! ब्रॅकेटचा वायसर बसवायचा राहिला होता.

नुसता ताणत गेलो असतो तर वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं असतं, ऐन पेरणीत. आधी रेष बघा, मग ताण.