नायगावच्या सावित्रीबाई आणि मिरजेची नाइट ड्युटी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

सुरुवात सातारा जिल्ह्यातून करू. खंडाळा तालुक्यातलं नायगाव. ३ जानेवारी १८३१ ला इथे सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलींची शाळा, अंगावर झेललेलं शेण, हे आपल्याला पाठ आहे. आज बोलूया त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता पुण्यात पोचला. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ ससाणे मळ्यात मायलेकांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा बाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. त्यात त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय ६६.

ऐकताना गलबलून येतं ना? यायलाच हवं. पण एक लक्षात ठेवा. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्यांचं नाव कुणी ड्युटीच्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

आता कृष्णेकाठानं खाली सांगलीकडे येऊ. त्याच १८९७ साली मिरजेत एक मेडिकल स्कूल सुरू झालं. ते काढलं मूळच्या कॅनडाच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, बरं का! पुढे १९६२ ला मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आलं, १९८४ ला कराडात कृष्णा, आणि अगदी अलीकडे साताऱ्यात सरकारी कॉलेज. म्हणजे या पट्ट्यात डॉक्टर घडवायला सुरुवात होऊन सव्वाशे वर्षं उलटून गेली.

पण डॉक्टर घडवायची पद्धत आली कुठून? 'निवासी डॉक्टर' हा शब्द बघा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ ला उघडलं. तिथले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी शिकाऊ सर्जनसाठी पद्धत बसवली. हॉस्पिटलातच राहायचं आणि हाक आली की उठायचं, मग दिवस असो की रात्र. म्हणून 'रेसिडेंट'. गंमत अशी की, ही पद्धत बसवणारे हॉलस्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनात अडकले होते. आणि जगभरातल्या पोरांनी जागायचं, ते त्यांच्या पद्धतीनं!

'बर्नआउट' हा शब्द या अर्थानं १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी वापरात आणला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करताना त्यांना दिसलं, की आधी जळून जातात ते कामचुकार नव्हे, तर सगळ्यात मनापासून राबणारे. त्यात ते स्वतःही होते. २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं, की बर्नआउट हा आजार नाही, तो कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे. म्हणजे बिघाड माणसात शोधायच्या आधी कामाच्या जागेत शोधा.

मार्च २०२० आठवतोय? इस्लामपुरात एका पाठोपाठ एक कोरोना रुग्ण सापडले. सांगली जिल्ह्याच्या छातीत धस्स झालं. उपचार झाले ते मिरजेच्या सरकारी हॉस्पिटलात. २२ मार्चला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. पण थाळीच्या आवाजानं पीपीई किटमधल्या नर्सताईची पाळी काही लवकर संपली नाही.

नियम नाहीत असं नाही. १९९२ मध्येच केंद्र सरकारनं म्हटलं होतं, की निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको, आणि आळीपाळीनं आठवड्याची सुट्टी द्या. मग २०२४ उजाडलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं देशभर ऑनलाइन पाहणी केली. उत्तरं देणाऱ्या ५,३३७ पीजी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी सांगितलं, की आत्महत्येचे विचार मनात येऊन गेले. दलाची शिफारस काय? आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक दिवस सुट्टी, रोज ७-८ तास झोप. जरा हिशोब करा: ३२ वर्षांनीही आपण 'त्यांना झोपू द्या' हेच कागदावर लिहितोय.

मला वाटतं, घोळ इथेच आहे. सावित्रीबाईंचा त्याग आपण डोक्यावर घेतला आणि नकळत त्याचंच वेळापत्रक करून टाकलं. त्याग माणूस स्वतःहून करतो. दुसऱ्यानं तक्ता लावून करून घेतला, की त्याला त्याग म्हणत नाहीत, पिळवणूक म्हणतात.

तुमच्या घरात, हॉस्टेलवर कुणी इंटर्न, नर्स, आशाताई असेल, तर आज 'तू देव आहेस' म्हणू नका. 'जेवलीस का? किती तास झोपलास?' एवढं विचारा. आणि तुम्ही स्वतःच त्या पाळीत असाल आणि मन फारच खचलं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर झोप पुरी करा!