पवन मावळचे सण, शेती आणि वर्षावास : तिकोणा पेठेच्या परिसराची नोंद

किल्ले पाहायला जाणाऱ्या तरुणांना तिकोणा पेठ माहीत असते ती गडाच्या पायथ्याचे गाव म्हणून. तिकोणा, म्हणजेच वितंडगड, चढायचा, फोटो काढायचे आणि पवना धरणाच्या काठावर तंबूत रात्र घालवून परतायचे, एवढाच बहुतेकांचा या गावाशी संबंध. बौद्ध तरुणांसाठी हा परिसर याहून महत्त्वाचा आहे. वर्षावास ही परंपरा शेतीवर आणि गावावर कशी उभी होती, याचे दगडात कोरलेले पुरावे याच तालुक्यात आहेत. म्हणून ही नोंद आम्ही देत आहोत.

वर्षावास आणि भातशेती

पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळी रोपे आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात, अशी तक्रार लोकांनी केली आणि तथागतांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयात सांगितले आहे. म्हणजे वर्षावासाचा उगमच शेतकऱ्याच्या तक्रारीत आहे.

मावळात हे आजही डोळ्यांनी पाहता येते. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या सुमारास खाचरांत चिखलणी आणि भातलावणी चाललेली असते. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तेव्हा भात कापणीला आलेले असते. त्यानंतरच्या महिन्यात कठीण चीवरदान होते. घरात नवे धान्य येण्याचे आणि दान देण्याचे दिवस एकच आहेत.

लेण्यांतील पुरावा

कामशेतहून पवनानगरकडे येणाऱ्या रस्त्यालगत बेडसे लेणी आहेत. तेथील एका लहान स्तूपाजवळ गोभूती नावाच्या भिक्खूचा उल्लेख कोरलेला आहे. तो अरण्यात राहणारा आणि भिक्षेवर जगणारा होता, आणि हा स्तूप त्याच्या शिष्याने करविला, असे त्यात म्हटले आहे. अरण्यात राहणाऱ्याला भिक्षा आसपासच्या वस्त्यांतूनच मिळणार. ज्यांनी ती दिली त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

कार्ले लेण्यांचे प्राचीन नाव वलुरक. तेथील शिलालेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव भिक्खूंच्या निर्वाहासाठी दिले. पंथ किंवा मूळ न पाहता, जे कोणी येथे वर्षावास करतील त्या सर्वांसाठी हे दान आहे, असे लेख सांगतो. त्याच लेण्यातील सातवाहन राजाज्ञेत हे गाव ‘मामलाहार’ या विभागात असल्याचे म्हटले आहे. मावळ हे नाव या ‘मामल’वरून आले, असे मानले जाते.

परिसराचे वर्ष

- चैत्र-वैशाख : राब भाजून रोपवाटिकेची जमीन तयार करतात. गावोगावच्या यात्रा आणि कार्ल्याची एकवीरेची यात्रा याच काळात. 14 एप्रिलची भीमजयंती आणि वैशाख पौर्णिमेची बुद्धजयंतीही याच काळात.
- ज्येष्ठ : भाताची पेरणी.
- आषाढ-श्रावण : लावणी. विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते.
- भाद्रपद : लावणीची कामे उरकल्यावर बैलांना विश्रांती. मावळात बैलपोळा भाद्रपद अमावस्येला होतो.
- आश्विन-कार्तिक : धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावासाची समाप्ती, भाताची कापणी आणि झोडणी.

येथे पिकणारे इंद्रायणी भात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित झाले. आंबेमोहोर आणि आय. आर. 8 या वाणांच्या संकरातून ते तयार करण्यात आले.

बदललेला मावळ

1972 च्या सुमारास पवना धरण झाले. त्यात जमिनी गेलेल्या कुटुंबांना पुनर्वसनासाठी पुढे कित्येक वर्षे लढावे लागले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि जमिनीला शहरी गिऱ्हाईक आले. खाचरांच्या जागी फार्महाऊस, रिसॉर्ट आणि तंबूंची रांग दिसू लागली. धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बौर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, त्यावेळी पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे यांचा बळी गेला.

खाचर विकले की बैल जातो, बैल गेला की पोळा मातीच्या बैलांवर भागतो. पावसाळ्यात गावातला तरुण पर्यटकांच्या गाड्या लावून देण्यात गुंततो आणि विहारातल्या वाचनाला म्हातारी माणसेच उरतात. पर्यटनाने रोजगार दिला, हे आम्ही नाकारत नाही. पण जमीन गेल्यावर त्याच जमिनीवर चौकीदारी करणे याला विकास म्हणायचे का, हा प्रश्न आहे.

जुने गाव आपल्याला परत नको

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत गावगाड्यावर कठोर टीका केली होती. ज्या यात्रांत आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर उभे राहून वेठ करावी लागली, त्यांचे गोडवे आम्ही गात नाही. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने वेठ संपली आणि वतनाची जमीन ठराविक रक्कम भरून पूर्वीच्या वतनदाराला परत मिळण्याची तरतूद झाली. अशी जमीन विकण्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अटही या कायद्याने घातली.

गुलामीच्या मोबदल्यात मिळालेली ही जमीन कित्येक बौद्ध कुटुंबांची एकमेव मालमत्ता आहे. भाव वाढले तसे कुलमुखत्यारपत्र आणि साठेखताचे कागद घेऊन दलाल वस्तीत येऊ लागले आहेत.

तरुणांनी काय करावे

- आपल्या कुटुंबाचा सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहावेत. ‘भोगवटादार वर्ग 2’ किंवा ‘नवीन शर्त’ अशी नोंद असल्यास तिचा अर्थ तलाठी आणि वकील यांच्याकडून समजून घ्यावा.
- घरातल्या वडीलधाऱ्यांना एकट्याने कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू देऊ नये.
- वर्षावासात शहरातल्या शाखांनी एक रविवार तरी गावच्या विहारातल्या वाचनाला जावे.
- बेडसे, भाजे, कार्ले येथे सहल म्हणून न जाता शिलालेख वाचण्यासाठी जावे आणि गावातल्या मुलांना सोबत न्यावे.

उषवदाताने गाव दिले तेव्हा भिक्खूंना तीन महिने निश्चिंत बसता आले. आज गाव देणारा कोणी राजा नाही. आहे ती गुंठा-दोन गुंठे जमीन आणि पौर्णिमेला उघडणारा विहार. ते दोन्ही राखणे आपल्या हातात आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.