कुंडलिका नदीवरील राफ्टिंग

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेच्या खळाळत्या प्रवाहातून हवा भरलेल्या रबरी तराफ्याने मार्गदर्शकासह केला जाणारा साहसी जलप्रवास. मुळशी धरणाचे पाणी (→ मुळशी सत्याग्रह) घाटाखाली भिरा येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रात (१९२७) येते व वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे, सह्याद्रीतील इतर नद्या पावसाळ्यानंतर रोडावत असल्या तरी, येथील राफ्टिंग उन्हाळ्यात थांबत नाही. पाणी बहुधा सकाळी सुटते. फेरीची वेळ त्यावरच ठरते.

खळाळांची (उसळत्या, वेगवान प्रवाहाच्या टप्प्यांची) अवघडपणानुसार प्रतवारी १ ते ६ अशी असते. येथील बरेचसे खळाळ २ ते ३ प्रतीचे, म्हणजे नवख्यांना व कुटुंबांना झेपणारे आहेत. लहान मुलांना मात्र प्रवेश नसतो. जीवरक्षक जाकीट व शिरस्त्राण अनिवार्य असते. मार्गदर्शक मागील टोकाला बसून तराफ्याची दिशा सांभाळतो; त्याच्या हुकमानुसार इतर जण वल्ही मारतात. वल्ह्याच्या टोकाची मूठ तळव्यात घट्ट धरावी लागते, कारण ती सुटल्यास शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. पाण्यात पडलेल्याने उताणे तरंगून पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. उथळ पात्रात उभे राहिल्यास पाय खडकांत अडकण्याचा धोका असतो; म्हणून उभे न राहण्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा होय.

मुंबई-पुण्याच्या सान्निध्यामुळे हे केंद्र पर्यटकप्रिय असून स्थानिकांना त्यातून रोजगार मिळतो. गोव्यातही म्हादई नदीवर (→ मांडवी नदी) पावसाळ्यात राफ्टिंग चालते.