तारेच्या कायद्याखालचे आकाश

भारतात विमानातून उच्चारल्या जाणाऱ्या शब्दावरची सरकारी मक्तेदारी विमानाहून जुनी आहे. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या अठरा वर्षे आधी, 1885 च्या भारतीय तार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे राखून ठेवला, इतरांना तो परवान्यानेच देण्याची तरतूद केली, आणि पुढे ‘तार’ या शब्दाच्या व्याख्येत बिनतारी संदेशही सामावले गेले.

प्रारंभीच्या वैमानिकांना या कायद्याची झळ लागली नाही, कारण त्यांच्यापाशी यंत्रच नव्हते. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते रेडिओविना, खालच्या खुणा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर. पुढच्याच वर्षी झालेल्या भारतीय बिनतारी तार अधिनियमाने बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यासाठीही परवाना सक्तीचा केला. या कायद्याचा रोख परवाना न काढता घरी रेडिओ ऐकणाऱ्यांवर होता, तरी त्याच्या शब्दांत विमानातले यंत्रही आपसूक आले. त्यानंतर 1934 चा विमान अधिनियम आणि 1937 चे विमान नियम झाले, तेव्हा विमानाचा सांगाडा एका खात्याच्या आणि त्याचा आवाज दुसऱ्या खात्याच्या ताब्यात, अशी वाटणी कायम झाली.

1944 च्या शिकागो करारातील तिसाव्या कलमाने या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय चौकट दिली: विमानातील प्रक्षेपकाला नोंदणीच्या देशाचा परवाना हवा, आणि तो वापरणाऱ्या चालकालाही स्वतंत्र परवाना हवा. भारतात बिनतारी परवान्यांचे काम 1952 पासून केंद्राच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाकडे आले. विमानाशी बोलणाऱ्या जमिनीवरील केंद्राला, म्हणजे भूस्थानकाला, वारंवारता नेमून घ्यावी लागे आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरीही मिळवावी लागे, कारण विमानांशी बोलण्यासाठी उभारलेला मनोरा विमानांच्याच वाटेत येऊ शकतो.

ही कडक शिस्त निव्वळ कागदी हौस नव्हती. हवाई संभाषणाच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे तीन हजार मीटरवरचे विमान सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते, आणि एकाच वारंवारतेवर दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानी शब्दांऐवजी शिट्टी येते. चालकाच्या परीक्षेत उच्चारांवर भर असतो तो याच कारणाने: ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गफलत टाळण्यासाठी ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ म्हणायचे, आणि मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

या नियमांच्या कडेला ग्लायडर उभे राहते. 1950 साली पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. विंचच्या उड्डाणात, म्हणजे जमिनीवरील इंजिनाने लांब दोर गुंडाळून ग्लायडर वर ओढण्याच्या पद्धतीत, सुरुवातीचा सारा व्यवहार खुणांवर भागू शकतो: वैमानिक अंगठा दाखवतो, मदतनीस टेकलेला पंख उचलून समतल धरतो, विंचचालकाला इशारा मिळतो आणि आधी ढिला दोर ताणला जातो. काही क्षणांत ग्लायडर उंचावर जाते आणि दोर सुटतो; मग मात्र हाताची खूण कोणाला दिसत नाही. शिवाय सुमारे दहा किलोमीटरवरच्या लोहगावच्या विमानतळावर वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे असते, म्हणून शांत उडणाऱ्या या यानालाही शेजाऱ्याचे भान सुटून चालत नाही. इंजिन नसल्यामुळे ग्लायडरच्या रेडिओला वीज पुरवते ती बॅटरीच, आणि ऐकण्यापेक्षा बोलण्यात ती लवकर खर्ची पडते; मितभाषीपणाचा नियम इथे यंत्रच शिकवते. काहीशे किलोंच्या या यानातील प्रक्षेपकालाही प्रवासी विमानाच्या प्रक्षेपकासारखाच परवाना लागावा, हे कायद्याच्या तर्काला धरून असले तरी जरा गमतीचे आहे.

दोन खात्यांतली ही वाटणी अलीकडेच थोडी बदलली. 2023 च्या दूरसंचार अधिनियमाने 1885 आणि 1933 च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. 1 जानेवारी 2025 पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने वैमानिकाच्या रेडिओ-दूरध्वनी प्रमाणपत्राचा अधिकार दूरसंचार खात्याकडून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणला. वारंवारता नेमून देण्याचे काम मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिले.