दुसऱ्या खिडकीजवळची पेटी

गेल्या दिवाळीत दौंडहून मामांच्या गावी गेलो होतो. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे. रात्री जेवणं झाल्यावर मामा ओट्यावर मोबाईल धरून बसले होते. हिंदीत डब केलेला व्हिडिओ चालू होता: टेम्पलर नाइट्स, जेरुसलेम, सोन्यानं मढवलेली पेटी.

"तू कॉम्प्युटरवाला. सांग बरं, ही पेटी सापडंल का कधी?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण ओट्यावरूनच मामांच्या विहिरीमागचा खड्डा दिसतो. मी शाळेत असताना एका 'जाणकारा'नं तिथं गुप्तधन असल्याचं सांगितलं होतं. चार फुटांवर काही निघालं नाही. मग सात, मग अकरा. प्रत्येक वेळी उत्तर एकच: धन सरकलं. त्या सरकण्यात मामींच्या पाटल्या गेल्या. खड्ड्याचा आता उकिरडा झालाय.

मी व्हिडिओ बंद करायला लावला नाही. आम्ही दोघांनी तो पूर्ण पाहिला.

पेटी म्हणजे बायबलमधला 'कराराचा कोश'. बाभळीच्या जातीचं लाकूड, वर सोन्याचा पत्रा, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच आणि आत दहा आज्ञांच्या दोन दगडी पाट्या. हे सगळं 'निर्गम' या पुस्तकात दिलंय. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं. काय काय लुटून नेलं, याची यादी बायबलमध्ये आहे. खांब, भांडी, चमचे, वाट्या. कोश मात्र त्या यादीत नाही. सगळ्या थिअऱ्या या एका रिकाम्या जागेतून उगवल्यात.

टेम्पलरांचा संघ स्थापन झाला 1119च्या आसपास, म्हणजे मंदिर जळाल्यानंतर सुमारे सतराशे वर्षांनी. लढणारे संन्यासीच म्हणा. त्यांचा तळ जेरुसलेमच्या त्याच टेकडीवर होता, म्हणून 'त्यांनी खाली खोदलं आणि कोश नेला' अशी गोष्ट रचणं सोपं गेलं. पुढं फ्रान्सच्या चौथ्या फिलिप राजानं 13 ऑक्टोबर 1307 रोजी त्यांची धरपकड केली. राजा कर्जात बुडालेला होता आणि टेम्पलर श्रीमंत. 1312 मध्ये पोपनं संघ बरखास्त केला, 1314 मध्ये त्यांच्या प्रमुखाला, जाक द मोलेला, जिवंत जाळलं. खटल्यात त्यांच्यावर मूर्तिपूजेपासून धर्मद्रोहापर्यंत आरोप होते. कोश लपवल्याचा आरोप त्यात नव्हता.

तरी व्हिडिओ थांबत नाही. जेरुसलेममध्ये नाही? मग फ्रान्समध्ये. तिथंही नाही? स्कॉटलंडच्या रॉसलिन चॅपलमध्ये. ते चॅपल बांधायला घेतलं 1446 मध्ये, संघ संपल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. तिथंही नाही? मग कॅनडातलं ओक बेट.

"मामा," मी म्हणालो, "धन सरकलं."

मामा काही बोलले नाहीत.

मग मी गंमत म्हणून त्यांच्यासाठी एक थिअरी बनवली. पाच मिनिटांत. पोर्तुगालमध्ये टेम्पलरांची मालमत्ता 1319 मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या संघाला मिळाली, हे खरं. त्या संघाचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर होता, हेही खरं. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, खरं. म्हणजे कोश गोव्यात आहे! तीन खऱ्या गोष्टी आणि शेवटी एक उडी. मामांचे डोळे चमकले. ते चमकलेले डोळे मला आवडले नाहीत, म्हणून मी लगेच त्यांना गोव्यातल्या खऱ्या पेटीची गोष्ट सांगितली.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये कैदेत ठेवलं. तिनं धर्म बदलायला नकार दिला, म्हणून 1624 मध्ये तिला हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे अवशेष गुपचूप काढून घेतले आणि त्यांतले काही 1627 मध्ये गोव्यात आणले. म्हणजे संन्याशांनी लपवून नेलेला पवित्र अवशेष. अगदी व्हिडिओतल्यासारखा. फरक एवढाच की या संघानं जागा लिहून ठेवली: ओल्ड गोव्यातलं त्यांचं चर्च, त्यातलं अमुक चॅपल, दुसऱ्या खिडकीजवळ, काळ्या दगडाची पेटी.

पण ते चर्च 1842 मध्ये कोसळलं. आज उरलाय तो सेंट ऑगस्टिनचा उंच, अर्धा मनोरा. ढिगाऱ्यात कुठलं चॅपल आणि कुठली दुसरी खिडकी? पहिले प्रयत्न फसले. पण फसल्यावर कुणी 'अवशेष सरकले' असं म्हटलं नाही. कागदपत्रं पुन्हा वाचली, नकाशा पुन्हा जुळवला. 2004 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथं हाताचं एक लांब हाड मिळालं. आणखी दोन अवशेषही मिळाले.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेनं त्यांचा डीएनए तपासला. लांब हाडातला मातृवंश 'यू1बी' निघाला. तो भारतात आढळत नाही, जॉर्जिया आणि आसपास आढळतो. कागद, जागा आणि डीएनए जुळल्यावरही शास्त्रज्ञांनी शब्द वापरला तो 'शक्यता आहे' एवढाच. 2021 मध्ये त्या अवशेषाचा काही भाग भारतानं जॉर्जियाला भेट दिला. तिथं केतेवान संत मानली जाते.

"आणि बाकीची दोन हाडं?" मामांनी विचारलं.

"ती राणीची नाहीत. भारतातल्या लोकांशी जुळली."

"तसं सांगून टाकलं त्यांनी?"

"छापलं."

आम्ही कोड लिहितो तेव्हा टेस्ट आधी ठरवतो: अमुक आलं तर बरोबर, तमुक आलं तर चूक. 'चूक' निघूच शकत नाही अशी टेस्ट कुणी लिहीत नाही, कारण तिचा उपयोग नसतो. दुसऱ्या खिडकीजवळ खोदलं असतं आणि तिथं काहीच नसतं, तर कागद खोटा ठरला असता. अकरा फुटांवर काही नव्हतं, तरी जाणकार खोटा ठरला नाही.

हे मी मामांना सांगितलं नाही. गरज पडली नाही.

बराच वेळ ते विहिरीकडे बघत होते. मग म्हणाले, "चार फुटाला थांबून त्याला विचारायला पाहिजे होतं. कुठवर नाही निघालं म्हंजे नाही?"

आतून मामी म्हणाल्या, "मी विचारलं होतं."