एका शहराची एकशे दहा पाने

मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावरील सेंट लुइस शहराचे विहंगम चित्र १८७५ साली तयार झाले आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने बाहेर पडले. त्याचे नाव ‘पिक्टोरियल सेंट लुइस’, प्रकाशक रिचर्ड कॉम्प्टन आणि चित्रकार कॅमिल ड्राय. त्या काळी अमेरिकेत गावोगावची अशी शिळाछाप चित्रे निघत. जॉन रेप्स यांच्या सूचीत त्यांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास भरते. बहुतेक गावे एका कागदावर मावत. सेंट लुइसला मात्र ११० पाने लागली. कडा कापून ती शेजारी शेजारी जोडली, की सुमारे ९ फूट उंच आणि २४ फूट रुंद असे अखंड शहर उभे राहते.

असे चित्र पुरावा म्हणून हाती घेताना पहिली शंका येते ती पैशाची. हा धंदा आगाऊ वर्गणीवर चालत असे आणि गिऱ्हाइके म्हणजे त्याच गावातले व्यापारी, कारखानदार, घरमालक. या पुस्तकातही चित्रांच्या जोडीला शहरातल्या पेढ्यांची आणि कारखान्यांची भरघोस स्तुती आहे. त्यात शिकागोशी स्पर्धा. १८७० च्या जनगणनेत सेंट लुइसची लोकसंख्या ३,१०,८६४ आणि शिकागोची २,९८,९७७ नोंदली गेली. पुढच्याच वर्षी शिकागो आगीत होरपळले, तेव्हा सेंट लुइसचा आत्मविश्वास आणखी वाढला. पण १८८० चे आकडे आले ते असे: सेंट लुइस ३,५०,५१८, शिकागो ५,०३,१८५. १८७० चा आकडा फुगवलेला होता, असेच इतिहासकार मानतात. ज्या शहराने सरकारी शिरगणतीत माणसे वाढवली, त्याने चित्रात इमारती वाढवल्या नसतील कशावरून?

कॉम्प्टनची प्रस्तावना इथे उपयोगी पडते. १८७४ च्या वसंतात काम सुरू झाले. आधी शहराच्या मोजणीवरून यथादर्शनाचा सांगाडा आखला. त्यालाच ३०० चौरस फूट जागा लागली. नदीकाठाने सुमारे दहा मैलांचा पट्टा धरला. मग ड्राय आणि त्याचे मदतनीस जागोजागी जाऊन पाहणी करून आले आणि रेखाटने त्या सांगाड्यात बसवली. नजर पूर्वेकडच्या इलिनॉय काठावरून, उंचावरून पश्चिमेकडे टाकलेली दिसते. तिथे उभे राहून मात्र कोणी चित्र काढलेले नाही. याच प्रस्तावनेत एक कबुलीही आहे. काही मोठ्या इमारतींचे काम अजून चालू होते, पण त्या पुऱ्या झाल्यावर दिसतील तशा दाखवल्या आहेत. म्हणजे एखादी भव्य इमारत चित्रात दिसते एवढ्यावर ती १८७५ साली उभी होती, असे म्हणता येत नाही. बांधकामाची तारीख स्वतंत्रपणे शोधावी लागते.

साध्या घरांचे आणि मोकळ्या जमिनीचे तसे नाही, आणि माझ्या मते या चित्राचे खरे मोल तिथेच आहे. शहराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या पानांवर वस्ती विरळ होत जाते आणि जमिनीत बशीसारखे खोलगट खळगे दिसू लागतात. काहींत पाणी साचले आहे. सेंट लुइसच्या खाली चुनखडी आहे. ती विरघळून असे खळगे पडतात, हे भूशास्त्राशीही जुळते. प्लॉट विकणाऱ्याला खळग्यांचा काय उपयोग? कोणाही वर्गणीदाराची त्यांनी शोभा वाढत नव्हती. चित्रकाराने ते काढले, कारण ते तिथे होते. साक्षीदार स्वतःच्या फायद्याचे नसलेले जे सांगतो, ते इतिहासकाराने सगळ्यात आधी टिपून घ्यावे.

हवेच्या बाबतीत मात्र हे चित्र साफ फसवे आहे. इलिनॉयचा मऊ, धुरकट कोळसा जाळणाऱ्या या शहरात धूर हा पुढे इतका मोठा प्रश्न झाला, की १८९३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. चित्रात धुराच्या रेघा आहेत, पण बारीक, उद्योगाची खूण म्हणून काढल्यासारख्या. त्यांच्यामागचे सगळे लख्ख दिसते. रस्त्यावरच्या माणसाला हे शहर असे कधीच दिसले नसणार.

बाकीचे तपशील इतर कागदांशी ताडून पाहता येतात. अल्फॉन्सो व्हिपलच्या आगविमा नकाशांत भिंत विटांची की लाकडाची हे कळते, पण इमारतीचा चेहरा कळत नाही. गूल्डच्या शहर-निर्देशिकेत पत्त्यावर कोण राहत होते ते सापडते. रॉबर्ट बेनेकेचे छायाचित्र इमारतीचा चेहरा दाखवते, पण एकाच बाजूचा. ड्रायच्या पानांवर मजले, छपरे, मागची अंगणे असे सगळे एकत्र येते.

१९३९ पासून नदीकाठचे सुमारे चाळीस चौक स्मारकासाठी पाडले गेले. त्या पट्ट्यात १८३४ चे जुने कॅथेड्रल तेवढे राहिले. बाकीच्या जागेवर आज पोलादी कमान आणि हिरवळ आहे. ४ जुलै १८७४ ला खुला झालेला ईड्स पूल चित्रात आहे आणि नदीवरही आहे. पानावर ठाम उभा राहण्याजोगा तो एक बिंदू धरून दक्षिणेकडे सरकत गेले, की गेलेल्या गोदामांच्या रांगा एकेक करून जागेवर बसवता येतात.